एका पालकाचे घर आणि दहावीपर्यंतची वाट

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक बातमी हमखास असते. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले असते, आई चार घरची धुणीभांडी करते किंवा रोजाने शेतात जाते, आणि पत्र्याच्या एका खोलीत अभ्यास करून मुलीने नव्वदच्या वर टक्के मिळवलेले असतात. शाळांच्या शिक्षक-खोल्यांत मात्र जून महिन्यात, नववीच्या नव्या तुकडीची यादी हातात आल्यावर, एखाद्या नावावर बोट ठेवून कोणीतरी हमखास म्हणते, “याच्या घरात बाप नाही. लक्ष द्यायला कोणी नाही. हा काही दहावी काढत नाही.” मी बरीच वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले आहे. पहिली बातमी वाचून माझे डोळे अनेकदा भरून आले आहेत, आणि दुसरे वाक्य सुरुवातीच्या काळात मीही मनातल्या मनात म्हटलेले आहे.

दोन्ही विधाने एकाच प्रकारच्या घराविषयी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, असे वाटते. या प्रश्नावर जगभर गेली चाळीसएक वर्षे गंभीर संशोधन झाले आहे. त्यातून जे चित्र दिसते ते या दोन्ही वाक्यांहून वेगळे आहे, आणि ते समजले तर अशा मुलासाठी नेमके काय करायचे हेही बरेचसे स्पष्ट होते.

एकल पालक म्हणजे नेमके कोण?

मूल सज्ञान होण्यापूर्वीच ज्या घरात आई किंवा वडील यांपैकी एकच व्यक्ती त्याचे पालनपोषण करीत असते, त्या घराला एकल पालक कुटुंब म्हणतात. या एका शब्दात फार वेगवेगळी घरे येतात. विधवा आईचे घर, विधुर वडिलांचे घर, घटस्फोटानंतरचे घर, नवऱ्याने नांदवले नाही म्हणून माहेरी परतलेल्या बाईचे घर, अविवाहित मातेचे घर, आणि स्वतःच्या निर्णयाने एकटीने मूल दत्तक घेतलेल्या स्त्रीचेही घर.

आपल्याकडे या यादीतील तिसऱ्यापेक्षा चौथा प्रकार मोठा आहे. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित म्हणून नोंद झालेल्यांपेक्षा विभक्त म्हणून नोंद झालेल्यांची संख्या जवळपास तिप्पट होती. कोर्टाची पायरी न चढता मोडलेले संसार हे आपले वास्तव आहे, आणि त्याचे मुलाच्या शाळेशी काय नाते आहे ते पुढे येईलच. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातील ४.५ टक्के कुटुंबे, म्हणजे सुमारे १ कोटी ३० लाख घरे, एकट्या मातांच्या जिवावर चालतात. नातेवाइकांच्या घरात आसरा घेऊन राहणाऱ्या एकल माता याहून वेगळ्या, आणि त्यांची संख्या आणखी मोठी आहे. कोविडनंतर या संख्येत भर पडली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दिलेल्या माहितीनुसार, साथीच्या काळात दोन्ही पालक गमावलेली मुले सुमारे १० हजार होती, तर एक पालक गमावलेली मुले सुमारे १ लाख ३७ हजार. महामारीच्या बातम्यांत पूर्ण अनाथ झालेल्या मुलांविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण त्यांच्या तेरापट मुले एका पालकासह मागे राहिली होती.

फरक खरोखर आहे का?

आहे. सरासरी काढली तर जवळजवळ प्रत्येक देशात एकल पालकांची मुले शिक्षणात थोडी मागे दिसतात. अमेरिकेतील सारा मॅक्लॅनहन आणि गॅरी सँडेफर या समाजशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये तेथील अनेक मोठी सर्वेक्षणे एकत्र तपासली, तेव्हा एका पालकाबरोबर वाढलेल्या मुलांत माध्यमिक शाळा अर्धवट सोडण्याचे प्रमाण दोन्ही पालकांच्या घरातील मुलांच्या जवळपास दुप्पट आढळले. हा आकडा तीन दशके जुना आणि परक्या समाजाचा आहे, पण या विषयावरची पुढची बहुतेक चर्चा त्याच्याभोवती फिरत आली आहे, म्हणून तो सांगणे भाग आहे.

येथे थांबून सरासरी म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत महाराष्ट्रात मुलींचा निकाल ९६.१४ टक्के लागला आणि मुलांचा ९२.३१ टक्के. दोन गटांतील हा फरक खरा आहे आणि दरवर्षी दिसतो. परंतु त्याच्या आधाराने कोणी शेजारच्या मुलाला “तू मुलगा आहेस, तुझे काही खरे नाही” असे म्हणत नाही, कारण बहुसंख्य मुलगे उत्तीर्ण होतात आणि काही मुलीही नापास होतात हे आपल्याला ठाऊक असते. एकल पालकांच्या मुलांबद्दल बोलताना मात्र आपण गटाची सरासरी उचलून थेट समोरच्या मुलाच्या कपाळी चिकटवतो. गटातील फरक धोरण ठरवण्यासाठी उपयोगी असतो. यादीतल्या एका नावावर बोट ठेवण्यासाठी त्याचा उपयोग होत नाही.

छत्र्या आणि खड्डे

पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. फरक असेल, तर तो एक पालक नसल्यामुळे पडतो का?

जुलै महिन्यात रस्त्यावर छत्र्या वाढतात आणि त्याच महिन्यात रस्त्यावर खड्डेही वाढतात. म्हणून छत्र्यांमुळे खड्डे पडतात असे आपण म्हणत नाही, कारण दोन्हींच्या मागे पाऊस आहे हे आपल्याला दिसते. दोन गोष्टी बरोबरीने वाढणे किंवा घटणे याला सहसंबंध म्हणतात, आणि सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. एकल पालकत्वाच्या बाबतीत हा पाऊस कोणता असू शकतो याचा विचार करा. गरिबी, अपघाताचे किंवा आजाराचे काम, दारू, औषधपाण्यात बुडालेले घर, नापिकी आणि कर्ज. याच गोष्टींमुळे माणसे अकाली जातात, याच गोष्टींमुळे संसार मोडतात, आणि याच गोष्टींमुळे मुलांची शाळाही सुटते. बाप जाण्याच्या आधीपासूनच त्या घरात मूल शिकणे कठीण झालेले असते.

संशोधकांनी हा गुंता सोडवण्यासाठी काही युक्त्या वापरल्या आहेत. स्वीडनमध्ये अँडर्स ब्योर्क्लुंड आणि मारियान सुंडस्ट्रॉम यांनी २००६ मध्ये एकाच घरातील भावंडांची तुलना केली. आईवडील वेगळे झाले तेव्हा मोठे भावंड जवळपास वयात आलेले होते आणि धाकटे लहान होते, म्हणजे धाकट्याच्या वाट्याला एकल पालकाची वर्षे जास्त आली. वेगळे होण्यानेच शिक्षणाचे नुकसान होत असेल, तर धाकटे भावंड अधिक मागे पडायला हवे होते. तसा म्हणण्याजोगा फरक सापडला नाही. याचा अर्थ, घराघरांत जो फरक दिसत होता तो बहुतांशी त्या घरांच्या आधीच्या परिस्थितीतून आलेला होता.

पण स्वीडनमध्ये सरकारी आधाराचे जाळे दाट आहे, तेव्हा हा निष्कर्ष तसाच उचलून इकडे लावता येत नाही. इंडोनेशियातील मुलांविषयी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालकाच्या मृत्यूनंतर लगेचच्या काळात मुलांची शाळा सुटण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले आढळले. दक्षिण आफ्रिकेत अ‍ॅन केस आणि कॅली आर्डिंग्टन यांनी क्वाझुलू-नाताल प्रांतातील मुलांचा काही वर्षे मागोवा घेतला. तेथे आई गेलेली मुले खरोखरच मागे पडत होती. वडील गेलेल्या मुलांचे मागासलेपण मात्र बरेचसे घरच्या आधीच्या गरिबीचे होते. मला या तीन अभ्यासांतून एकच गोष्ट दिसते. पालक जाण्याचा शाळेवर होणारा परिणाम ठरलेला नसतो, आणि तो किती खोल जाईल हे पालकाबरोबर घरातून आणखी काय काय गेले आणि त्यातले काय भरून निघाले यावर अवलंबून असते.

घरातून काय जाते?

पहिल्यांदा पैसा जातो. मॅक्लॅनहन आणि सँडेफर यांच्या हिशेबात, दोन प्रकारच्या घरांतील मुलांमध्ये जो फरक होता त्यातील साधारण निम्मा एकट्या उत्पन्नातील तफावतीने समजावता येत होता. आपल्याकडे ही तफावत किती आहे याची कल्पना त्याच २०१९ च्या अहवालातून येते. भारतात एकल मातांच्या घरांत गरिबीचे प्रमाण ३८ टक्के होते, तर दोन्ही पालक असलेल्या घरांत २२.६ टक्के.

दुसऱ्यांदा वेळ जातो, आणि याविषयी फारसे बोलले जात नाही. शेतकऱ्याच्या घरी ऐन पेरणीच्या तोंडावर बैलजोडीतला एक बैल दगावला, तर जमीन निकस होत नाही आणि बियाणेही बिघडत नाही. पण तिफण ओढायला जोडी लागते. शेजाऱ्याचा बैल मागून आणावा लागतो, तो मिळेपर्यंत दिवस जातात, आणि तोवर रानातला वाफसा, म्हणजे पेरणीजोगा ओलावा, निघून जातो. उगवण कमी झाली तर बघणारा म्हणतो, “रानात काही दम नाही.” एकट्या पालकाच्या घरात नेमके हेच होते. आईची माया कमी नसते आणि मुलाची बुद्धीही कमी नसते. पण रेशनच्या रांगेत उभे राहणे, आजीला दवाखान्यात नेणे, धाकट्याला अंगणवाडीतून आणणे आणि रोजाला जाणे ही दोघांची कामे एकटीला दिवसाच्या त्याच तासांत बसवावी लागतात. जे बसत नाही ते मोठ्या मुलाच्या किंवा मुलीच्या अंगावर येते, आणि शाळेच्या हजेरीत त्या दिवशी गैरहजेरी लागते.

तिसऱ्यांदा स्थिरता जाते. घर बदलते, मामाच्या गावी राहायला जावे लागते, शाळा बदलते, माध्यमही बदलते. कुटुंबाच्या रचनेतील बदल मोजणाऱ्या संशोधकांनी दाखवले आहे की एकदा बदलून स्थिरावलेल्या घरापेक्षा पुनःपुन्हा बदलत राहणारे घर मुलाला अधिक जड जाते. नववीच्या मध्यावर शाळा बदललेल्या मुलाला विज्ञानाचा धडा कळत नाही तेव्हा त्यात बहुधा मागच्या शाळेत तो धडा व्हायचा होता आणि नव्या शाळेत होऊन गेला होता, एवढेच कारण असते.

मग पोरांसाठी नवराबायकोने एकत्रच राहावे का?

हा आक्षेप प्रत्येक समुपदेशनात आणि प्रत्येक भावकीच्या बैठकीत निघतो. अँड्र्यू चर्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतील मुलांच्या नोंदी तपासल्या. आईवडील पुढे वेगळे होणार होते अशा मुलांत, विशेषतः मुलग्यांत, वर्तनाच्या आणि अभ्यासाच्या अडचणी आईवडील एकत्र राहत असतानाच दिसू लागल्या होत्या. म्हणजे घटस्फोटाचे म्हणून जे परिणाम मोजले जात होते, त्यातील बराच भाग भांडणाच्या घरात वाढण्याचा होता. पॉल अमॅटो यांच्या १९९० च्या दशकातील संशोधनातही, तीव्र भांडणांच्या संसारातून सुटलेली मुले अशा संसारात अडकून राहिलेल्या मुलांपेक्षा पुढे बरी असल्याचे दिसले. भांडण फारसे नसताना अचानक मोडलेल्या संसारांतील मुलांना मात्र त्रास जास्त झाला होता.

रोज रात्री मारहाण होणाऱ्या घरातील मुलगी सकाळी वर्गात पेंगते, हे पाहण्यासाठी मला कोणत्याही अभ्यासाची गरज पडली नाही. अशा घरातून आई मुलांना घेऊन बाहेर पडली, तर “पोरांचे नुकसान केलेस” असे तिला सांगणाऱ्यांनी निदान ही नोंद वाचावी.

गुण आणि गळती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

या विषयात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा आता येतो. सारा मॅक्लॅनहन, लॉरा टॅक आणि डॅनियल श्नायडर यांनी २०१३ मध्ये या क्षेत्रातील काटेकोर अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. वडील घरात नसल्यामुळे मुलांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी खालावते, याचा पुरावा त्यांना कमकुवत आढळला. शाळा पूर्ण होण्यावर आणि मुलाच्या वागण्यावर परिणाम होतो, याचा पुरावा मात्र बराच भक्कम होता.

याचा सरळ अर्थ असा की अशा मुलाला बीजगणित कमी समजते असे नाही. ते बीजगणिताच्या तासाला वर्गात असते की नसते, हा प्रश्न आहे. आपण गुणांकडे पाहत बसतो आणि मूल हजेरीपटावरून निसटते.

आपल्याकडे हे निसटणे एका ठरावीक वयात घडते. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालाने २०२३ मध्ये ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी केली, तेव्हा चौदाव्या वर्षी ३.९ टक्के मुले शिक्षणाबाहेर होती आणि अठराव्या वर्षी ३२.६ टक्के. कायद्यांच्या सीमारेषाही इथेच येतात. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क ६ ते १४ या वयाला आहे, म्हणजे आठवीपर्यंत. बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना, घरच्या व्यवसायातील शाळेनंतरची मदत यांसारखे मोजके अपवाद सोडता, कामावर ठेवण्यास बंदी केली, पण १४ ते १८ वयाच्या मुलांना बंदी आहे ती धोकादायक कामांपुरतीच. ज्या वाढदिवसाला शिक्षणाची सक्ती संपते, त्याच वाढदिवसाला मजुरीचे दार उघडते. दोन मिळवते हात असलेल्या घरात हा दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. एका हाताच्या घरात तो दिवस मोजलेला असतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण पाहा. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. मजूर गोळा करणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याच्या हिशेबाने. नवरा गेलेली किंवा नवऱ्याने सोडलेली बाई ‘अर्धा कोयता’ ठरते, तिला उचल कमी मिळते आणि टोळीत घ्यायलाही लोक नाखूश असतात. तिचा मुलगा पंधरा वर्षांचा झाला आणि जोडीला आला की कोयता पूर्ण होतो. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दहावीचे दुसरे सत्र आणि बोर्डाची परीक्षा बरोबर या काळात येते. या मुलाला अभ्यासाची आवड किती होती, आईचे लक्ष किती होते, हे प्रश्न येथे फिजूल आहेत. अर्ध्या कोयत्याचा हिशेब त्याच्या जन्माआधीपासून ठरलेला आहे.

मुलींचे वेगळे होते. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे आणि एसटीचा पासही मोफत मिळतो, त्यामुळे फी किंवा प्रवास हे कारण त्यांच्या बाबतीत थोडे मागे पडते. पण आई दिवसभर बाहेर, घरात पुरुष माणूस नाही, आणि वयात आलेली मुलगी एकटी, या काळजीपोटी तिचे लग्न उरकण्याची घाई होते. हे आईच्या अज्ञानातून होते असे म्हणणे फार सोपे आहे. सुरक्षिततेची दुसरी कोणतीही सोय तिच्यासमोर ठेवलेली नसते.

पण आपल्याकडे तर एकत्र कुटुंब आहे

हे खरे आहे, आणि पाश्चात्त्य निष्कर्ष आपल्याकडे तसेच्या तसे लागू न होण्याचे हेच मोठे कारण आहे. बाबासाहेब आंबेडकरांची आई ते अगदी लहान असताना गेली आणि मीरा आत्याने त्यांचा सांभाळ केला. आजी, आत्या, मामा यांनी वाढवलेल्या मुलांची अशी उदाहरणे प्रत्येक गावात सापडतात. पेरणीला शेजाऱ्याचा बैल येतो त्याला सावड म्हणतात, आणि नात्यांतली ही सावड आपल्याकडे अजून जिवंत आहे.

मात्र सावडीत दोन्ही बाजूंना काहीतरी द्यायला असावे लागते. माहेरी परतलेल्या बहिणीचा मुलगा आणि भावाचा स्वतःचा मुलगा एकाच वर्षी दहावीत असतील आणि शिकवणीचे पैसे एकाचेच असतील, तर ते कोणाला मिळतील? सासरी राहिलेल्या विधवेच्या बाबतीत, नवऱ्यामागे सातबाऱ्यावर वारस नोंद वेळेवर झाली की नाही यावर त्या घरातील तिचे आणि मुलांचे स्थान ठरते. जमीन सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असेल, तर पीककर्जापासून नुकसानभरपाईपर्यंत सगळ्यांसाठी ती परावलंबी होते. कुटुंब आधार देते, आणि तेच कुटुंब मुलाने किती शिकायचे हेही ठरवते.

नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलीचे काय?

तिचे यश पूर्णपणे खरे आहे आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण ती बातमी होते कारण ती परीक्षेला बसली. तिच्याबरोबर पाचवीत असलेली, तशाच घरातली आणि आठवीनंतर दिसेनाशी झालेली मुले त्या बातमीत येत नाहीत, कारण त्यांचा निकालच लागत नाही. जे टिकले त्यांच्याकडेच पाहून निष्कर्ष काढला तर “जिद्द असली की सगळे जमते” असे वाटू लागते, आणि मग जे गळाले त्यांच्यात जिद्द नव्हती असा दुसरा, फार अन्यायकारक निष्कर्ष आपोआप निघतो. अशा मुलींशी बोलताना मला एक गोष्ट वारंवार दिसली आहे. आईच्या कष्टांबरोबरच त्यांच्या आयुष्यात आणखी एक प्रौढ माणूस पाय रोवून उभा असतो. कधी आजी, कधी वसतिगृहाची अधीक्षिका, कधी परीक्षेचा अर्ज स्वतः भरणारी वर्गशिक्षिका.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यानंतर त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा शाळेइतकेच महत्त्व त्यांनी मुलाच्या राहण्या-जेवण्याला दिले. जे घर देऊ शकत नाही ते वसतिगृहाने द्यावे, आणि मुलाने त्यासाठी मिंधे न होता श्रम करून शिकावे, हा त्यामागचा विचार होता.

कागदांची अडचण

यावर कोणी म्हणेल की सरकारी योजना आहेत, मग अडते कुठे? बहुतेक वेळा कागदावर अडते.

वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला असतो. पण वडील दहा वर्षांपूर्वी निघून गेले, कोर्टात काही झालेले नाही, आणि ते कुठे आहेत हे कोणाला ठाऊक नाही, अशा मुलाने उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि शिष्यवृत्तीचा अर्ज यांवरील वडिलांचा रकाना कसा भरायचा? सुरुवातीला ज्या विभक्त स्त्रियांचा उल्लेख केला, त्यांच्या मुलांची अडचण ही आहे. जातीचा दाखला सहसा वडिलांकडच्या पुराव्यावर मिळतो. मूल आईच्या समाजात वाढले असेल तर ते सिद्ध करण्याची संधी मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका आदिवासी आईच्या मुलाच्या प्रकरणात म्हटले. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने अविवाहित मातेला पालकत्वासाठी वडिलांचे नाव उघड करण्याची सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये मुलाच्या नावानंतर आधी आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगला आहे, पण तो १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांना लागू आहे. आज नववी-दहावीत असलेले मूल त्याच्या कक्षेत येत नाही.

आज काय मिळू शकते?

दोन गोष्टी प्रत्येक शिक्षकाला आणि प्रत्येक एकल पालकाला तोंडपाठ असायला हव्यात.

पहिली म्हणजे बालसंगोपन योजना, जिला २०२३ पासून क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे. आई किंवा वडील यांपैकी एकच पालक असलेली मुलेही तिच्यासाठी अर्ज करू शकतात, मृत्यूप्रमाणेच घटस्फोट आणि परित्याग ही कारणेही धरली जातात, आणि मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाकडे करायचा असतो आणि बालकल्याण समितीच्या आदेशाने तो मंजूर होतो. ऊसतोडीच्या उचलीपुढे ही रक्कम लहान वाटेल. पण ती दर महिन्याला आणि मुलाच्या नावाने येते, आणि मूल शाळेत टिकवण्यासाठी कधी कधी तेवढाच आधार कमी पडत असतो.

दुसरी म्हणजे आठवीत घेतली जाणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, जिला शाळांत ‘एनएमएमएस’ म्हणून ओळखतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असले, तर सरकारी आणि अनुदानित शाळेतील मूल तिला बसू शकते, आणि निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चौदाव्या वर्षी जिथे सक्ती संपते, तिथूनच ही शिष्यवृत्ती सुरू होते. म्हणून आठवीच्या वर्गात कोणाच्या घरी एकच पालक आहे हे वर्गशिक्षकाला जुलैमध्येच माहीत असले पाहिजे, आणि ते सर्वांसमोर हात वर करायला लावून विचारता कामा नये.

शाळेलाही काही गोष्टी एक रुपया खर्च न करता करता येतात. प्रवेश अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्याऐवजी ‘पालकाचा व्यवसाय’ असे छापता येते. सलग तीन दिवस गैरहजर राहिलेल्या नववी-दहावीच्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी कोणीतरी जाऊ शकते, कारण आता आपल्याला माहीत आहे की अशा मुलाच्या बाबतीत गुणपत्रिकेच्या आधी हजेरीपट बोलतो. आणि पालकसभा शनिवारी सकाळी अकरा वाजता ठेवली की रोजाने जाणाऱ्या आईला त्या दिवसाचा रोज बुडवून यावे लागते. तिची खुर्ची रिकामी दिसली म्हणजे तिला मुलाची पर्वा नाही असा शेरा वहीत पडतो. मी एका वर्षी सभा रविवारी संध्याकाळी सहाला ठेवली. त्या वर्षी चार आया आल्या, ज्यांना आम्ही तीन वर्षांत पाहिले नव्हते. एकीने तर मुलाच्या पाचवीपासूनच्या साऱ्या गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडता जपून आणल्या होत्या.